रुतणे आणि घसरणे

वैशाख सरत आला आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ओलसरपणा जाणवू लागला, की वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये पावसाळ्याच्या बेगमीची लगबग सुरू होते: घराच्या पश्चिमेकडील भिंतींना झापांचा आडोसा बांधला जातो, जळण पडवीत कोरड्या जागी रचले जाते, बावखलांतला गाळ उपसला जातो आणि ज्या घराच्या अंगणात पिकअप गाडी उभी असते त्या घरात टायरांचा विषय निघतो. निर्मळच्या परिसरातील आमच्या आळीत अशा तीन गाड्या आहेत. त्यांपैकी एकीचा मालक, माझ्या शेजारचा तरुण बागायतदार, मध्यरात्र उलटल्यावर हौद्यात फुलांच्या करंड्या, केळीचे लोंगर आणि भाजीचे भारे भरून दादरच्या बाजाराला निघतो आणि दिवस वर येण्याच्या सुमारास रिकाम्या गाडीने घरी परततो. ज्येष्ठाच्या तोंडावर एका संध्याकाळी तो माझ्या ओटीवर येऊन बसला आणि म्हणाला, “काका, यंदा ही गाडी काढून फोर बाय फोर घ्यावी म्हणतो. नाहीतर हीच ठेवून चारही टायर नवे टाकायचे. दोन्ही खर्च काही झेपायचे नाहीत. तुम्ही काय म्हणता?”

योगायोग असा, की त्याच वर्षी आश्विनाच्या अखेरीस, कॅनडातील अल्बर्टा प्रांतात कॅलगरी शहरी राहणाऱ्या माझ्या भाच्याने मला जवळजवळ हाच प्रश्न लिहून विचारला. त्याची पिकअपही मागच्या दोन चाकांवर चालणारी. हिमवर्षाव तोंडावर आलेला. तेव्हा ती विकून चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यावी, की आहे तिलाच हिवाळी टायर बसवावेत, याविषयी त्याचे मन ठरत नव्हते. “मामा, इथे जो तो वेगळे सांगतो,” असे त्याने लिहिले होते. संस्कृतच्या निवृत्त शिक्षकाला त्याने हे यंत्रविद्येतील तज्ज्ञ म्हणून विचारले नव्हते, हे मी ओळखून होतो. गाडीत रोज दोन लहान मुले बसतात आणि निर्णयाची जबाबदारी एकट्याने पेलवत नाही, एवढेच त्याला मला कळवायचे होते.

एकाला चिखलाचे भय होते, दुसऱ्याला हिमाचे. परंतु दोघांच्या प्रश्नाच्या बुडाशी असलेला विकल्प एकच होता, आणि जसजसा मी त्याचा विचार करू लागलो तसतसे मला दिसू लागले, की हा विकल्प दोन वस्तूंमधला असण्यापेक्षा दोन सामर्थ्यांमधला आहे, आणि त्या दोहोंपैकी कोणते आधी संपादन करावे या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या दुकानात मिळणारे नाही.

तरीही प्रारंभ वस्तुस्वरूपापासूनच केला पाहिजे, कारण ज्या वस्तूविषयी कर्तव्याकर्तव्याचा निर्णय करावयाचा तिचे यथार्थ ज्ञान नसताना दिलेला निवाडा हा साक्षीपुराव्यावाचून दिलेल्या हुकमासारखा असतो. सर्वसाधारण पिकअपमध्ये इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना मिळतो. हौदा भरलेला असला म्हणजे पाट्यांवर भार येऊन ती चाके जमीन घट्ट धरतात; हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी होते आणि ओल्या मातीत वा रेतीत ती चाके जागच्या जागी फिरू लागतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी अशा वेळी पुढच्या चाकांनीही स्वतःला ओढते आणि जेथे दुसरी गाडी रुतून बसली असती तेथून बाहेर पडते. तिचा हा गुण निर्विवाद आहे. परंतु ब्रेक हे प्रत्येक मोटारीत, मग ती दोन चाकांनी चालो वा चार, चारही चाकांनाच असतात. त्यामुळे सपाट ओल्या रस्त्यावर अकस्मात थांबण्याचा प्रसंग आला, तर चार चाकांच्या जोराने थांबण्याचे अंतर वीतभरही कमी होत नाही, उलट त्या यंत्रणेचे अधिक वजन थांबवावे लागते. घाटाच्या तीव्र उतारावर खालच्या गिअरात इंजिनाचा अवरोध चारही चाकांना मिळून उपयोग होतो, हे खरे. तथापि तो अवरोधही अखेर भूमीपर्यंत पोहोचतो तो टायरच्याच द्वारे. गाडीचा आणि पृथ्वीचा संबंध प्रत्येक चाकाखाली सुमारे तळहाताएवढ्या जागेपुरताच असतो. चालणे, वळणे आणि थांबणे या तिन्ही क्रिया त्या चार तळहातांवर अवलंबून आहेत, आणि चार चाकांचा जोर या तिहींपैकी प्रामुख्याने पहिलीलाच साहाय्य करतो.

हिवाळी टायराचे मर्मही येथेच आहे. नेहमीच्या टायराचे रबर कडक थंडीत ताठर होते आणि बर्फावर काचेसारखे सरकते. हिवाळी टायराचे रबर, पारा सात अंशांच्या खाली उतरल्यावरही, मऊ राहील अशा मिश्रणाचे केलेले असते आणि त्याच्या नक्षीवर कोरलेल्या असंख्य बारीक चिरा हिम धरून ठेवतात. आमच्या वसईत हिम पडत नाही आणि पारा तितका उतरत नाही. परंतु मृगापासून हस्तापर्यंत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस या किनाऱ्यावर कोसळतो, आणि आमच्या टायरांच्या खोल खाचांना हिमाऐवजी पाण्याशी झुंजावे लागते. चाकाखाली आलेले पाणी या खाचांतून बाजूला फेकले गेले नाही, तर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा तयार होतो, गाडी त्यावर तरंगू लागते आणि त्या क्षणापुरती ती कोणाचीच राहत नाही. मृगाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल एकत्र कालवले जाते तेव्हा तर अल्प पाण्यानेही हा अनर्थ घडतो. खाचांच्या तळाशी जे लहान उंचवटे घातलेले असतात, ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे टायराचे आयुष्य संपले, असा तो निर्मात्याने लिहून ठेवलेला दाखला आहे.

आता वाहनावर येणारी विघ्ने दोन प्रकारची असतात, असे मला दिसते: एक रुतणे आणि दुसरे घसरणे. शेजाऱ्याने मला आपली व्यथा सांगितली ती सर्व रुतण्याची होती. वाडीतून पक्क्या रस्त्यापर्यंत जाणारी कच्ची वाट आषाढात चिखलाने भरते; एकदा पहाटे दोन वाजता भरली गाडी तेथे रुतली, चाक फिरत राहिले, चिखल अंगावर उडत राहिला आणि दादरचा भाव निघून गेल्यावर मोगऱ्याच्या करंड्या कवडीमोलाने द्याव्या लागल्या. ती हानी खरी होती आणि तिचे दुःखही खरे होते. परंतु मी त्याला विचारले, की परतीच्या वाटेवर, वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून रिकामी गाडी महामार्गाने येत असता, पुढच्या वाहनाने एकाएकी ब्रेक दाबला तर काय होते? तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “घसरते, काका. दोनदा घसरली. पण वाचलो.”

या दोन भयांचा जमाखर्च मांडून पाहिला, तर एक फार मोठा भेद दृष्टीस पडतो. जो रुततो त्याची हानी बहुतेक त्याची स्वतःची असते: त्याचा वेळ जातो, माल नासतो, दहा माणसांना हाक मारावी लागते. जो घसरतो तो मात्र आपल्या हानीत इतरांना, त्यांची संमती न घेता, भागीदार करतो. रस्त्याच्या कडेने शाळेत निघालेली मुले, सायकलवरून दूध घालणारा गवळी, कामाला निघालेली मजूर स्त्री यांच्यापैकी कोणाचाही या गाडीच्या खरेदीच्या व्यवहारात हात नसतो, तरी त्या व्यवहारातील चुकीची किंमत त्यांनी द्यावी असा प्रसंग येतो. म्हणून चालण्याचे सामर्थ्य वाढवावे की थांबण्याचे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा भासला तरी मुळात अहिंसेचा आहे.

हे मी केवळ तर्काने म्हणत नाही. तरुणपणी एका श्रावणात आम्ही काही स्नेही, त्यांच्यापैकी एकाच्या जीपमधून, शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या दर्शनाला निघालो होतो. जीप चारही चाकांवर चालणारी होती आणि तिच्या मालकाला तिचा अभिमान होता. वाटेत एके ठिकाणी रस्त्याचे काम अर्धवट पडलेले होते. दोन-तीन वाहने चिखलात अडकून उभी होती, आणि आमची जीप मात्र त्यांच्या बाजूने, सर्वांच्या देखत, डौलाने पार झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या यशाचा कैफ आमच्या वेगात उतरला. पारोळच्या पुढे पक्क्या डांबरी रस्त्याच्या एका वळणावर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई समोर आली. ब्रेक दाबला गेला, चाके थांबली, आणि जीप मात्र थांबली नाही. ती तशीच सरकत रस्त्याच्या कडेला भाताच्या खाचरात जाऊन कलली. बाईच्या आणि जीपच्या मध्ये फार तर हातभर अंतर राहिले होते. तिने मोळी खाली टाकली, आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता ती खाली बसली. खाली उतरून मी टायरांवरून हात फिरवला, तेव्हा ते तव्यासारखे गुळगुळीत लागले. चिखलातून आम्हांला बाहेर काढणाऱ्या सामर्थ्यानेच आम्हांला त्या वळणापर्यंत त्या वेगाने आणून सोडले होते. त्या बाईचे ते बसणे मला पन्नास वर्षांनंतरही दिसते.

त्या दिवशी एक गोष्ट मला समजली, ती अशी, की ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. कठोपनिषदात रथाचे जे रूपक आहे त्यात आत्मा हा रथी, शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे अश्व आणि विषय हे त्या अश्वांचे मार्ग म्हणून सांगितले आहेत. अनेक वर्षे हे रूपक वर्गात शिकवताना मला त्यात काही न्यून आहे असे वाटले नव्हते, आणि आजही वाटत नाही. परंतु त्या रूपकात चाकांचा उल्लेख नाही, हे मात्र त्या प्रसंगानंतरच माझ्या ध्यानी आले. सारथी सावध आहे, लगाम ताणला आहे, अश्वही आवरले आहेत. तरी तो आवर भूमीपर्यंत पोहोचवणारे काहीतरी खालच्या अंगाला असावे लागते. मनुष्याच्या ठायी त्या चाकाच्या जागी, माझ्या अल्प मतीप्रमाणे, त्याचा आचार असतो. संकल्प म्हणजे ब्रेकवरचा पाय. परंतु ज्याचा रोजचा आचार झिजून गुळगुळीत झाला आहे त्याने ऐन प्रसंगी कितीही निश्चयपूर्वक संकल्प केला, तरी त्याचे मन थांबते आणि त्याचे जीवन सरकतच राहते. क्रोध आवरण्याचा निश्चय सगळेच करतात. तो क्रोध प्रत्यक्ष जिभेवर येण्यापूर्वी थांबतो तो अनेक वर्षांच्या लहानसहान सवयींच्या नक्षीवर.

कणादाच्या वैशेषिक दर्शनात संयोग हा एक गुण मानला आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे, की तो एका द्रव्यात राहू शकत नाही. ज्या दोन द्रव्यांचा संयोग व्हावयाचा त्या दोहोंच्या आश्रयानेच तो असतो. टायराची पकड ही अशीच वस्तू आहे. ती एकट्या टायरात नाही आणि एकट्या रस्त्यातही नाही. दोहोंच्या भेटीत आहे, आणि म्हणूनच ती विकत घेऊन कायमची खुंटीला टांगून ठेवता येत नाही. इंजिनाचा जोर ही गाडीची स्वतःची मालमत्ता असते. पकड मात्र पृथ्वीने प्रत्येक क्षणी दिलेली असते, आणि ती घेण्यास आपण पात्र आहोत की नाही याची रुजुवात प्रत्येक सरीनिशी नव्याने होते. महाभारतात धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे आणि द्रोणवधाच्या वेळच्या त्या अर्धसत्यानंतर तो खाली टेकला, अशी कथा आहे. ज्याचा रथ अधांतरी चालतो त्याला टायराची चिंता करण्याचे कारण नाही. आपण इतर सर्व माणसे जन्मतःच भूमीला टेकलेलो आहोत, आणि भूमीशी असलेला आपला संबंध नीट राखणे हाच आपल्या वाट्याला आलेला धर्म आहे.

येथे माझे मन नेहमी सोपाऱ्याकडे वळते, आणि ते वळणे अप्रस्तुत आहे असे मला वाटत नाही. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, ज्याला आमच्याकडील जुनी माणसे बुरूड राजाचा कोट म्हणत, तो स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन करून प्रकाशात आणला, आणि त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली आमच्या जवळच्याच भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. प्राचीन शूर्पारक हे मोठे बंदर. तेथून गलबते दूरदेशी जात आणि घाटमार्गाने येणारे तांडे तेथे उतरत. प्रवाशांच्या अशा या नगरात काळाच्या तडाख्यातून जे दोन लेख तुकड्यांच्या रूपाने उरले, त्या दोन्ही लेखांत प्रवासाचा विचार यावा, याचे मला फार नवल वाटते. आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रेला निघत. आपण राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. नवव्या लेखात तो म्हणतो, की लोक आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगले करतात. ती करावीत, परंतु त्यांचे फळ अल्प असते. महाफलदायी मंगल म्हणजे धर्ममंगल, आणि त्यात सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांविषयी आदर, श्रमण-ब्राह्मणांना दान आणि प्राणिमात्रांच्या बाबतीत संयम यांचा समावेश होतो.

आमच्या आळीत नवी गाडी आली म्हणजे चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ वाढवला जातो, खंडेनवमीला झेंडूची माळ घातली जाते. पलीकडच्या वाडीतील आमचे ख्रिस्ती शेजारी धर्मगुरूंना बोलावून गाडीवर तीर्थ शिंपडून घेतात. या दोन्ही विधींविषयी माझ्या मनात प्रेम आहे. घरातून निघालेला माणूस घरी सुखरूप परत यावा, या इच्छेहून पवित्र इच्छा थोड्याच असतील, आणि अशोकानेही अशा मंगलांना मनाई केलेली नाही. परंतु त्याने जे अधिक मागितले, प्राणिमात्रांच्या बाबतीतला संयम, त्याचे पिकअपच्या संदर्भात भाषांतर करावयाचे झाल्यास ते मला एकच करता येते: ओल्या रस्त्यावर, समोर प्राणी आला असता, थांबता येईल अशी स्थिती आधीपासून सिद्ध ठेवणे. हा संयम त्या क्षणी निर्माण करता येत नाही. तो टायर घेताना, त्यात हवा भरताना, रात्री निघण्यापूर्वी बॅटरीच्या उजेडात खाचा पाहताना साठवावा लागतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. सामर्थ्याची निंदा करणे सोपे असते, विशेषतः ओटीवर बसलेल्या वृद्धाला. परंतु जगात रुतणे परवडत नाही अशीही माणसे आहेत. तुंगारेश्वराच्या डोंगरालगतच्या पाड्यांत आणि तानसेच्या काठच्या गावांत पावसाळ्यात वाटा तुटतात. मुसळधार पाऊस झाला की पांढरतारा पूल पाण्याखाली जातो. २०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी भरले तेव्हा नालासोपाऱ्याजवळ रेल्वेमार्ग बुडून गाड्या बंद पडल्या आणि मिठागरांतील वस्तीत अडकलेल्या माणसांपर्यंत पोहोचणे हेच मोठे काम होऊन बसले. अडलेल्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणाऱ्या वाहनाला, औषधे घेऊन पाड्यावर जाणाऱ्या डॉक्टरला, पुरात मदतीला निघालेल्या पथकाला जर कोणी चार चाकांचा जोर नाकारू लागला, तर त्याला धर्म कळला नाही असेच म्हणावे लागेल. त्यांच्या बाबतीत रुतणे हीसुद्धा दुसऱ्याचीच हानी आहे, आणि म्हणून चालण्याचे सामर्थ्य हे त्यांचे कर्तव्यच ठरते.

मी हा आक्षेप मान्य करतो, आणि मान्य करूनही क्रमाचा आग्रह सोडत नाही. पतंजलीने योगाची आठ अंगे सांगताना यम प्रथम ठेवले आहेत, नियम त्यांच्या मागोमाग, आणि यमांमध्येही अहिंसा सर्वांआधी. सिद्धींचे वर्णन त्यानंतर, तिसऱ्या पादात येते. सामर्थ्य अयोग्य आहे असा त्या मांडणीचा अर्थ नाही. ते ज्याच्या हाती जायचे त्याने आधी काय संपादन केलेले असावे, एवढेच तीत सांगितलेले आहे. मदतीला निघालेल्या गाडीचे टायर झिजलेले असतील, तर तिचा चार चाकांचा जोर तिला संकटस्थळापर्यंत नेईल की नवे संकट निर्माण करील, हे सांगता येणार नाही. शिवाय सामर्थ्याला एक मोह चिकटलेला असतो: ज्याच्याजवळ ते असते त्याला बुडालेला पूलही ओलांडण्याजोगा वाटू लागतो, आणि वाहत्या पाण्याला तर चाकांची संख्या मोजण्याची सवय नाही. उलट ज्याने टायरांकडे नित्य लक्ष दिले आहे, तो आपल्या मर्यादेलाही रोज स्पर्श करीत असतो, कारण मर्यादा बोटांना लागते ती खाचेच्या तळाशी.

या नित्य स्पर्शातून जो विनय येतो त्याचे एक प्रात्यक्षिक मी राजोडीच्या किनाऱ्यावर पाहिले आहे. सहलीला आलेल्या कोणाची तरी मोठी, चारही चाकांवर चालणारी गाडी भुसभुशीत रेतीत उतरली होती. चालक जितका जोर वाढवी तितकी चाके खोल जात. गावातला एक मच्छीमार जवळ आला, त्याने चालकाला इंजिन बंद करावयास सांगितले आणि चारही टायरांतील हवा बरीचशी सोडून दिली. टायर खाली बसले, पसरले, त्यांच्या तळहाताचा जणू पंजा झाला, आणि गाडी हळूहळू वर आली. निघताना त्याने पक्क्या रस्त्यावर गेल्याबरोबर हवा पुन्हा भरून घेण्याचीही ताकीद दिली. जे काम जोराने झाले नाही ते आतला ताठा कमी केल्याने झाले. आधाराची जागा जितकी विस्तृत करावी तितका भार सुसह्य होतो, हा रेतीचा नियम आहे. आणि ज्या ज्या प्रसंगी मी माझ्या संसारात रुतून बसलो त्या त्या प्रसंगी, मागे वळून पाहता, सुटका झाली ती याच नियमाने झाली.

भाच्याला मी जे उत्तर लिहिले त्यात एक गोष्ट मुद्दाम घातली. त्याच्याच देशात क्यूबेक प्रांतात १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत मोटारींना हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. त्याच्या अल्बर्टा प्रांतात तशी सक्ती नाही. म्हणजे जो प्रश्न क्यूबेकमध्ये सरकारने सोडवला आहे तो तेथे प्रत्येकाच्या सदसद्विवेकावर सोपवलेला आहे. कायद्याने दिलेली मुभा म्हणजे निर्णयापासून सुटका, असे आपण सहज समजतो. वास्तविक ज्या ठिकाणी कायद्याचे फर्मान संपते त्या ठिकाणापासून पुढे मनुष्याला स्वतःचा मामलेदार स्वतः व्हावे लागते. मी त्याला लिहिले: “बाळ, आधी टायर घे. पैसे उरतील तेव्हा आणि तुझ्या वाटेला त्याची खरोखर गरज असेल तर जोर घे. आणि टायर घेताना तुझ्या मुलांचा विचार कर, तसाच तुझ्या गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्या, तुला कधीही न भेटलेल्या मुलांचाही कर.” शेजाऱ्यालाही ज्येष्ठात मी हेच सांगितले होते, फक्त त्याच्या कच्च्या वाटेवर दोन ब्रास खडी टाकून घेण्याची तजवीज आळीतल्या सर्वांनी मिळून करावी, अशी पुस्ती जोडली होती. रुतणे ही एकट्याची विपत्ती असली, तरी तिचे निवारण पुष्कळदा शेजारधर्मात असते. खडी पडली. टायरही बदलले गेले.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी मी त्याच्या अंगणात गेलो होतो. गाडी धुऊन उभी होती, ताटात हळद-कुंकू, झेंडू आणि नारळ तयार होता, आणि तो मात्र मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. हातातले रुपयाचे नाणे तो टायराच्या एकेका खाचेत उभे घालून किती आत जाते ते पाहत होता. आतल्या कडेला, मधल्या भागात, बाहेरच्या कडेला, असे चारही चाकांना. नाण्यावरची अशोकाची सिंहमुद्रा प्रत्येक वेळी खाचेत बुडत होती आणि पुन्हा वर येत होती. त्याच्या बायकोने आतून हाक मारली, “आता या, मुहूर्त टळेल.” तो म्हणाला, “एक चाक राहिलंय.” भुईगावच्या त्या शिळेवर जे मंगल सांगितले आहे ते मी त्या क्षणी डोळ्यांनी पाहत होतो, म्हणून मी तिला थोडे थांबण्याची खूण केली, आणि शेवटचे चाक पाहून होईपर्यंत आम्ही दोघेही नारळाच्या ताटापाशी उभे राहिलो.